घर आणि शाळा : आमच्या मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणाचा पूर्ववृत्तांत

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत देवालयाचा पाया, वेदी, घंटा आणि होऊन गेलेले धर्मगुरु यांचे वृत्तांत वाचकांस यथास्थित मिळतील. शाळेच्या इमारतीचा इतिहासही मिळेल. या साऱ्या गोष्टींची दप्तरे आहेत, हिशेब आहेत, कोनशिला आहेत. परंतु ज्या शिक्षणामुळे आपली देवालये पिढ्यान्‌पिढ्या भरत राहिली, त्यातील निम्म्या शिक्षणाचे दप्तर कोणीच ठेविले नाही. कारण ते निम्मे शिक्षण घरी झाले. त्याची एकच लेखी खूण आमच्या कपाटात आहे, ती म्हणजे स्नानसंस्काराची वही. तीत बालकाच्या नावापुढे बापाचे, आईचे, धर्मपित्याचे व धर्ममातेचे नाव लिहिलेले असते. ही वही आपण दाखला काढण्यापुरती उघडतो. पण खरे पाहता ते एका शाळेचे हजेरीपुस्तक आहे, आणि त्या शाळेत विद्यार्थी एक व शिक्षक चार आहेत. त्या शाळेविषयी येथे चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय सांप्रत काढण्यास कारण आहे. अमेरिकेतील टेक्सास संस्थानात आर्लिंग्टन या गावी इ. स. १९९३ मध्ये एक ख्रिस्ती शाळा निघाली. तीत मुले आठवड्याचे काही दिवस वर्गात बसत व उरलेले दिवस आईबापांच्या देखरेखीखाली घरी अभ्यास करीत. पुढे त्या देशात या धर्तीच्या शाळा पुष्कळ निघाल्या. कॅथलिक पालकांनीही काढिल्या. इकडे इ. स. २०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे मुंबईतील शाळा बंद झाल्या व प्रत्येक घराची एकाएकी शाळा झाली. तेव्हापासून या मिश्र पद्धतीची चर्चा आमच्या समाजातही ऐकू येते. कोणी म्हणतात, ही गोष्ट नवी आहे. कोणी म्हणतात, ती परकी आहे. आणि पुष्कळ जण म्हणतात, ती ज्यांच्या घरी शिकलेली आई व निवांत खोली आहे अशा श्रीमंतांचीच आहे. गिरगाव, दादर, परळ व लालबाग या भागांतील आपल्या पूर्वजांचा इतिहास या तिन्ही मतांस काय उत्तर देतो, ते आता पाहू.

घंटा आणि घर

इ. स. १५४२ च्या मे महिन्यात संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हाती घंटा घेऊन ते रस्त्याने फिरत आणि मुलांस व गुलामांस देवळात जमवून त्यांस धर्मतत्त्वे शिकवीत, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध मात्र आपण क्वचितच ध्यानात घेतो. त्याच वर्षी ते दक्षिणेकडे मोती काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर गेले. तेथील लोकांची भाषा त्यांस येत नव्हती. त्यांनी दुभाष्यांच्या साह्याने प्रार्थना त्या लोकांच्या भाषेत उतरविल्या व मुलांकडून पाठ करविल्या. मग त्यांनी मुलांस आज्ञा केली की, जे येथे शिकलात ते घरी जाऊन आईबापांस, घरच्या माणसांस व शेजाऱ्यांस शिकवा. इ. स. १५४४ च्या जानेवारीत कोचीनहून युरोपास धाडिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच हे वर्णिले आहे. एक गुरु आणि गावे अनेक. तेव्हा वर्ग देवळाच्या दारी भरावा आणि धडा प्रत्येक घरी पुरा व्हावा, अशी ती योजना होती. ज्यास आज मिश्र शिक्षण म्हणतात त्याहून हे काय निराळे आहे?

याच योजनेस पुढे वाङ्‌मयाचे साह्य मिळाले. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु थॉमस स्टीफन्स इ. स. १५७९ मध्ये गोव्यास आले व आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे त्यांनी याच भूमीत वेचिली. त्यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापून निघाले, व इ. स. १६४९ आणि १६५४ या साली पुन्हा छापावे लागले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. स्टीफन्स यांनी ओवीच का निवडिली? पूर्वीच्या पुराणांचे श्रवण सुटल्यामुळे नवख्रिस्ती लोकांस एक प्रकारची पोकळी जाणवत होती, आणि ती वर्गातील प्रश्नोत्तरीने भरून निघण्यासारखी नव्हती. प्रश्नोत्तरी पाठ होते, परंतु कानात घोळत नाही. ओवी ही ज्ञानेश्वरांची व एकनाथांची, तशीच ती जात्यावर बसणाऱ्या बायांचीही. जे ओवीत आले ते देवळात ऐकावे आणि घरी म्हणावे, हे आमच्या लोकांस सांगावे लागत नव्हते. तात्पर्य, घर व शाळा यांची ही जोड मराठी ख्रिस्ती वाङ्‌मयाइतकीच जुनी आहे. तीस नवी म्हणणे योग्य नव्हे, व परकी म्हणणे तर मुळीच योग्य नव्हे.

मुंबई बेटावरील वाड्या

आता आपल्या बेटाकडे वळू. दादर येथील तारणमातेचे देऊळ, ज्यास सारी मुंबई ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणते, ते फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी इ. स. १५९६ मध्ये स्थापिले. हल्लीची इमारत विसाव्या शतकात नव्याने बांधिलेली आहे, परंतु धर्मग्राम चार शतकांहून अधिक जुना आहे. इ. स. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्रज राजास मिळाली व इ. स. १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा गेला. ताबा देताना कॅथलिकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, अशी अट होती. तरीही इ. स. १७२० मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस बेट सोडावे लागले व त्यांच्या जागी कार्मेलसंघीय आले. त्यातून पोर्तुगालच्या राजाचा ‘पाद्रोआदो’ व रोमची ‘प्रोपागांदा’ अशा दोन अधिकारांचा जो वाद जुंपला, तो इ. स. १९२८ मध्ये दुहेरी अधिकार संपेपर्यंत कमीअधिक चालूच होता. इ. स. १८५३ मध्ये माहीमच्या संत मायकलच्या देवळाचे प्रकरण तर प्रत्यक्ष वेढ्यापर्यंत गेले. इकडे इ. स. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली, तेव्हा तिकडील पोर्तुगीज धर्मगुरु निघून गेले व मोठमोठी देवळे ओस पडली.

या दोनशे वर्षांच्या धामधुमीत आपल्या लोकांचा विश्वास टिकला तो कशाच्या बळावर? धर्मगुरूंनी कष्ट केले, हे खरेच. परंतु देऊळ कोणत्या अधिकाराखाली, याचा निकाल लागेपर्यंत मूल थांबत नाही. ते वाढतच असते. संध्याकाळच्या जपमाळेस कोणाच्या अधिकारपत्राची गरज नव्हती. गिरगावातील खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, काळबादेवीजवळचे कावेल, या वस्त्यांतील घरांची रचना पाहावी. पुढे ओटी, आत माजघर, आणि भिंतीवर किंवा कोनाड्यात लहानशी वेदी. तिन्हीसांजेस आंजेलसची घंटा होई, दिवा लागे, मुले हातपाय धुऊन वेदीपुढे गुडघे टेकीत. जपमाळ संपली की लहानांनी वडीलधाऱ्यांपुढे जाऊन आशीर्वाद मागावा, ही रीत होती. दिवसभर ज्या मुलाने मार खाल्ला असेल त्यासही त्या वेळी आशीर्वाद मिळे. क्षमा म्हणजे काय, हे त्यास प्रश्नोत्तरीतील उत्तर पाठ करण्यापूर्वीच कळत असे.

इ. स. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. परळ येथील जो जुना मठ इंग्रजांनी घेऊन गव्हर्नराचे निवासस्थान केला होता, त्यातच इ. स. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा गेली. त्या काळात लोकांनी वाड्यावाड्यांतून क्रूस उभारिले व रोगापासून सुटका व्हावी म्हणून त्यांपुढे लितानी म्हणू लागले. हे क्रूस आजही आपण पाहतो. मे महिन्यात त्यांपुढे फुले वाहून प्रार्थना होते, तेव्हा तेथे पुढाकार धर्मगुरूचा नसतो. वाडीतील एखादी वडील बाई सुरुवात करिते व बाकीचे साथ देतात. गोव्याहून पोटासाठी आलेल्या खलाशी, आचारी व वाजंत्री लोकांनीही हेच केले. धोबीतलाव, कावेल व डाबूल येथे त्यांनी गावागावांचे जे ‘कूड’ स्थापिले, त्यात पेट्यांच्या रांगांबरोबर एक वेदी असे, आणि रात्रीच्या जपमाळेस सर्वांनी हजर राहावे असा नियम असे. ज्यांस घर नव्हते त्यांनीसुद्धा घरचे हे शिक्षण सोडिले नाही.

शाळांचा उदय

आता शाळेची बाजू पाहू. इ. स. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने खासगी शाळांस सरकारी अनुदान मिळण्याचा मार्ग खुला झाला. त्याच सुमारास येशूसंघीय मुंबईस आले व इ. स. १८५८ मध्ये येथील प्रोपागांदाच्या कारभाराची जबाबदारी त्यांजकडे आली. इ. स. १८६४ मध्ये माझगाव येथे सेंट मेरी व इ. स. १८६९ मध्ये धोबीतलावाजवळ सेंट झेवियर या विद्यालयांची स्थापना झाली. धर्मभगिनींनी मुलींसाठी शाळा काढिल्या. या शाळांनी आमच्या समाजावर केलेले उपकार शब्दांत मावणारे नाहीत. कोळीवाड्यातून व भातशेतीतून आलेली मुले रेल्वेत, जकातीत, छापखान्यात, दवाखान्यात व न्यायालयात मानाने काम करू लागली. इ. स. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, येथील मूळ कॅथलिक रहिवाशांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण करून आपली संस्था स्थापिली, तेव्हा नोकरीच्या क्षेत्रातील आपला हक्क राखणे हाही त्यामागील एक हेतु होता. इंग्रजी ही त्या काळची शिडी होती, व ती शिडी शाळेत होती.

येथेच एक गोष्ट हळूहळू व कोणाच्या नकळत घडली. शाळेत वाचन, गणित व इंग्रजी यांबरोबर धर्मशिक्षणाचाही तास असे. फादर शिकवितात, सिस्टर शिकवितात, परीक्षा होते, बक्षीसही मिळते. आईबापांनी मनाशी विचार केला की, जे आम्ही अडाणी माणसे अंधुक दिव्यापाशी शिकवीत होतो, ते आता विद्वान लोक पुस्तकावरून शिकवीत आहेत. मग आमचे काय काम? घराने आपला वाटा शाळेकडे सोपविला तो शाळा अपयशी ठरली म्हणून नव्हे, तर ती यशस्वी ठरली म्हणून. यात शाळेस दोष देणे अन्यायाचे होईल. आईबापांचा हेतुही वाईट नव्हता. नम्रतेपोटीच त्यांनी हे केले. परंतु शिक्षण म्हणजे अक्षरओळख, एवढाच अर्थ एकदा रूढ झाला, की ज्या आजीस अक्षर येत नव्हते तिने आपले आसन आपणहून सोडिले.

वस्तुतः आजीजवळ जे होते ते शाळेजवळ नव्हते. शाळा दहा आज्ञा पाठ करविते. शेजाऱ्याशी अबोला धरलेल्या बापाने नाताळच्या आदल्या रात्री त्याच्या दारी कसे जावे, हे वर्गात दाखविता येत नाही. मृत्यूविषयी ख्रिस्तसभेची शिकवण शाळा सांगते. परंतु घरात प्रेत असता रात्रभर प्रार्थना कशी करितात, हे मूल घरीच पाहते. अक्षर शाळेने द्यावे व वाणी घराने द्यावी, अशी ही वाटणी होती. दोहोंपैकी एकाने दुसऱ्याचे काम उचलिले तर ते काम निम्मेच होते.

घरच्या शिक्षणाचे सामर्थ्य किती असते, याचे एक उदाहरण गिरगावच्याच भूमीवर घडले आहे. पंडिता रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या, तथापि साऱ्या महाराष्ट्राने ज्यांचा आदर करावा अशा त्या ख्रिस्ती स्त्री होत्या. अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, व त्या माउलीने पहाटे उठवून रमाबाईंस शिकविले. लहानपणी शाळेची पायरी न चढलेल्या त्या मुलीने इ. स. १८८९ च्या मार्च महिन्यात चौपाटीनजीक ‘शारदा सदन’ ही विधवांची व मुलींची शाळा उघडिली. एका आईच्या पहाटेच्या पाठातून एक शाळा जन्मली. घर हे शाळेचे वैरी नव्हे, ते तिचे उगमस्थान आहे, हे यावरून उघड होते.

गिरणगावचा रविवार

घरचे शिक्षण श्रीमंतांसच परवडते, या मतास परळ-लालबाग उत्तर देते. इ. स. १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन झाली व दोन वर्षांनी ताडदेव येथे तिचे काम सुरू झाले. पुढे परळ, लालबाग, शिवडी, वरळी असा सारा गिरणगाव उभा राहिला. कोकणातून, घाटावरून, वसईकडून व नगर जिल्ह्यातून माणसे आली. त्यांत आपलेही लोक होते. त्यांची मुले शाळेत कितपत जात होती, याची कल्पना कायद्यांवरूनच येते. इ. स. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांस गिरणीत घेण्यास मनाई केली व बारा वर्षांखालील मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली. इ. स. १८९१ मध्ये ही वयोमर्यादा नऊ वर्षे झाली आणि चौदा वर्षांखालील मुलांचे तास सातवर आले. सात वर्षांच्या मुलास नऊ तास काम देणे, ही त्या काळची सुधारणा होती! अशा मुलांस शाळा ठाऊक नव्हती. आणि ज्यांचे आईबाप भोंग्याबरोबर जात व दिवेलागणीनंतर परतत, त्यांस घरही पुरते ठाऊक नव्हते.

अशा स्थितीत नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांसाठी रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरिली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. सर्व धर्मांच्या कामगारांसाठी मिळविलेल्या या सुट्टीचे महत्त्व आपल्या लोकांस निराळे सांगावयास नको. त्या एका दिवसामुळे बाप मुलाचा हात धरून मिसाबलिदानास जाऊ शकला. पुढे इ. स. १९०५ मध्ये पोप दहावे पायस यांनी प्रत्येक धर्मग्रामात रविवारी व सणाच्या दिवशी एक तास मुलांस धर्मशिक्षण द्यावे व त्यासाठी सामान्यजनांचा संघ स्थापावा, असे फर्माविले. रोमहून आलेली ती आज्ञा गिरणगावात पाळता येण्याजोगी झाली, त्यास लोखंड्यांनी मिळविलेला रविवार कारण होता.

चाळीतील एका खोलीत दहा माणसे राहत, त्यातील निम्मी रात्रपाळीस असत. तेथे निवांतपणा कोठला? तरीसुद्धा भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर लागली, तिच्यापुढे दिवा लागला, व एकाने वाचावे आणि चौघांनी ऐकावे, या जुन्या रीतीने धार्मिक वाचन चालले. इ. स. १९०३ मध्ये हेन्री डोरिंग या जर्मन येशूसंघीयांनी, जे पुढे पुण्याचे बिशप झाले, ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. गावाकडून आलेल्या मराठी कॅथलिक कुटुंबास समजेल अशा भाषेत लिहिलेला धडा त्यामुळे घरपोच येऊ लागला. सारांश, घरच्या शिक्षणास लागते ती मोठी खोली नव्हे, आणि आईबापांची पदवीही नव्हे. लागते ती ठरलेली वेळ, व ती मोडू न देण्याचा निश्चय.

भाषेचा प्रश्न

या इतिहासातील सर्वांत नाजूक गोष्ट भाषेची आहे. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत मिसा लॅटिनमध्ये होई, शाळा बहुतेक इंग्रजीत भरे. प्रवचन व पापनिवेदन सोडिले तर मराठी माणसास देवाशी आपल्या बोलीत बोलण्याची जागा एकच होती, ती म्हणजे घर. तेथे ‘नमो मरिये’ मराठीत होती, पाळण्याचे गाणे मराठीत होते, रागावणे व समजूत घालणेही मराठीत होते. घराने आपला वाटा शाळेकडे सोपविला तेव्हा त्याबरोबर ही भाषाही गेली. इ. स. १९५४ मध्ये तत्कालीन मुंबई सरकारने हुकूम काढिला की, अँग्लो-इंडियन व आशियाबाहेरील वंशाचे नागरिक यांखेरीज इतरांच्या मुलांस इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स शाळेमुळे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व त्याच वर्षी तो हुकूम रद्द ठरला. शाळांच्या हक्काच्या दृष्टीने निकाल स्वागतार्हच होता. परंतु त्या खटल्यात एका भारतीय ख्रिस्ती पालकाने आपल्या मुलीची मातृभाषा इंग्रजी असल्याचे सांगितले होते, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकाने दृष्टीआड करू नये. घराघरांतील भाषेचा पालट तोवर किती दूर गेला होता, ते त्यावरून कळते.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिसाबलिदान मराठीतून होऊ लागले. विधिघटना अशी की, देवळाने मराठीस वेदीजवळ बोलाविले त्याच काळात गिरगाव-दादरच्या कित्येक घरांनी तिला माजघरातून बाहेर काढिले. त्यात १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले, आणि गिरणगावची घडी कायमची विस्कटली. कित्येक कुटुंबे वसई-विरारकडे व अन्यत्र गेली. आजी एका ठिकाणी, नातू दुसऱ्या ठिकाणी, व शाळा तिसऱ्या ठिकाणी, अशी आज पुष्कळांची स्थिती आहे.

याचा परिणाम कोठे दिसतो, ते आम्ही सांगतो. रुग्णाभ्यंगासाठी आम्हांस घरी बोलावितात. खाटेवरील वृद्धा अर्धवट शुद्धीवर असते, पण प्रार्थना मराठीत सुरू केली की तिचे ओठ हलू लागतात. सभोवती मुले व नातवंडे उभी असतात. सर्व सुशिक्षित, सर्व प्रेमळ, डोळ्यांत पाणी आलेली. परंतु तिच्याबरोबर म्हणावयास त्यांजपाशी शब्द नसतात. तिच्या आयुष्यातील शेवटची जपमाळ अशा वेळी ती एकटीच म्हणते. ही त्या मुलांची निंदा नव्हे. त्यांस कोणी ते शब्द दिलेच नाहीत. कारण ते देणे आपले काम आहे असे कोणास वाटलेच नाही.

ख्रिस्तसभेचे व कायद्याचे म्हणणे

ख्रिस्तसभेने आईबापांस या कामातून कधीही मोकळे केलेले नाही. इ. स. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी मुलांस सुमारे सातव्या वर्षी प्रथम ख्रिस्तप्रसाद द्यावा असे ठरविले, तेव्हा मूल त्यास योग्य झाले की नाही हे पाहण्याचा भार बापावर व पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर ठेविला. इ. स. १९२९ च्या अखेरीस पोप अकरावे पायस यांनी शिक्षणावर परिपत्र काढिले. त्यात मुलास शिक्षण देण्याचा अधिकार कुटुंबास राज्यसत्तेच्या आधी मिळालेला आहे, असे सांगून त्यांनी अमेरिकेतील इ. स. १९२५ च्या एका निकालाचा दाखला दिला. सर्व मुलांस सरकारी शाळेतच घालावे असा ऑरेगॉन संस्थानचा कायदा त्या निकालाने रद्द झाला होता. इ. स. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने आईबाप हेच मुलांचे आद्य व प्रमुख शिक्षक होत, असे घोषित केले. इ. स. १९८३ च्या धर्मविधिसंहितेत तर आईबापांबरोबर धर्मपित्यावर व धर्ममातेवरही हे कर्तव्य स्पष्ट शब्दांत लादिले आहे.

आपल्या देशाचा कायदाही या मताच्या विरुद्ध नाही. संविधानाच्या २८ व्या कलमान्वये, सरकारमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान मुलास त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणास बसविता येत नाही. अर्थात् मुलाच्या धर्मशिक्षणाची किल्ली संविधानानेही पालकाच्याच हाती ठेविली आहे. इ. स. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेचा हक्क दिला आहे, व तो अमोल आहे. ज्या गिरणगावात सात वर्षांचे मूल साच्यावर उभे राहत होते, तेथील धर्मगुरूने त्या हक्काविरुद्ध एक अक्षरही बोलू नये. म्हणून मुलास शाळेतून काढून घरी बसवा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. अमेरिकेतील पद्धती जशीच्या तशी येथे आणावी, असेही आम्हांस वाटत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, शाळेचा वाटा शाळेस द्यावा व घराचा वाटा घराने परत घ्यावा.

कर्तव्य

हे कसे करावे, ते इतिहासच सांगतो. झेवियर यांची रीत आजही चालण्याजोगी आहे. रविवारच्या वर्गात मूल जे शिकले ते त्याने त्या रात्री जेवणापूर्वी आईबापांस सांगावे, आणि आईबापांनी मोबाईल बाजूस ठेवून ते ऐकावे. जे मूल दुसऱ्यास सांगते त्याचा धडा पक्का होतो. आणि ऐकणाऱ्या बापास जे ठाऊक नसते तेही त्यास कळते, व त्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. दुसरे, जपमाळेची निदान एक दहाई रोज मराठीत म्हणावी. मुलाची शाळा कोणत्याही माध्यमाची असो, त्याने एक भाषा आणखी शिकल्याने त्याचे काही नुकसान होत नाही. तिसरे, धर्मपिता व धर्ममाता यांनी नाताळच्या भेटवस्तूबरोबर वर्षातून चार वेळा तरी मुलास आपल्या घरी नेऊन प्रार्थनेस बसवावे. चौथे, ज्या इमारतीत आता आपली दोनचारच कुटुंबे उरली आहेत, तेथे त्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या घरी जमावे. इ. स. १९८० नंतर आपल्या महाधर्मप्रांतात जे लहान ख्रिस्ती समुदाय उभे राहिले, ते वाडीतील क्रूसापुढे जमणाऱ्या त्या जुन्या मंडळींचेच नवे रूप आहे. आणि शेवटची गोष्ट, ज्यांच्या घरी आजी किंवा आजोबा हयात आहेत त्यांनी विलंब करू नये. देवळाची घंटा फुटली तर नवी ओतविता येते. परंतु त्या वृद्ध ओठांवरील प्रार्थना, त्यांचा सूर व त्यांचे शब्द एकदा गेले म्हणजे कोणत्याही शाळेत विकत मिळत नाहीत.

आपल्या पूर्वजांजवळ पुस्तके थोडी होती, जागा थोडी होती, वेळही थोडाच होता. राज्ये बदलली, देवळांचे वाद झाले, प्लेग आला, गिरण्या आल्या व गेल्या. तरी रोज तिन्हीसांजेस त्यांनी आपल्या वाट्याचा तास भरविला. आपल्याजवळ त्यांच्यापेक्षा पुष्कळ आहे. नाझरेथच्या घरी प्रभु येशू ख्रिस्त तीस वर्षे राहिला व मरिया आणि योसेफ यांच्या आज्ञेत वाढला; त्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीने परमेश्वर आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरास आपल्या वाट्याचे काम करण्याची बुद्धि व बळ देवो, हीच या मंगल प्रसंगी आमची प्रार्थना.